डाव्या काठावर स्वयंपाकघर

सरकारने आम्हांला लेखी कळवलं की तुमचं घर हे घर नसून कालवा आहे, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी नारळ खवत बसले होते. माझे सासरे व्यंकोबा यांनी तो कागद मोठ्याने वाचला, चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचला आणि मला म्हणाले, “पंकजा, तूं डाव्या कांठावर बसली आहेस. पाय पात्रांत आले आहेत. वर घे.”

मी पाय वर घेतले. घ्यायला नको होते. त्या क्षणी कुणी पोट धरून हसलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मामंजी हसणाऱ्यांतले नव्हते. कोर्टात शिरस्तेदार म्हणून त्यांचा जन्म गेला होता. सहीशिक्क्याचा कागद दिसला की ते आधी त्याला नमस्कार करीत आणि मग वाचीत. कागद कालवा म्हणतो ना, मग कालवा. हरकत असेल तर अर्ज करायचा, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत पाय पात्रात ठेवायचे नाहीत.

आता घराचा कालवा कसा झाला ते सांगते. त्यासाठी गोदाआत्यांपासून सुरुवात करायला हवी.

गोदाआत्या मामंजींची थोरली बहीण. परकरातच लग्न झालं आणि परकरातच कपाळ पांढरं झालं. तेव्हा वडील त्यांना सासरहून परत घेऊन आले. मामंजींचा तर जन्मही व्हायचा होता. म्हणजे ह्या घरात मामंजींपेक्षा आत्यांचा मुक्काम जुना. पण घर मामंजींचं आणि आत्या घरात असलेल्या, असं सगळे धरून चालत. आत्याही तसंच धरून चालत.

त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, माझ्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली. रेल्वेच्या हिशेबखात्यात ते कामाला. मांबळमला दोन खोल्या मिळाल्या. मामंजींनी ठरवलं की कुंभकोणचं घर विकायचं आणि सगळ्यांनी मद्रासला जायचं. गिऱ्हाईकही मिळालं: पितळी भांड्यांचे व्यापारी कृष्णमूर्ती. त्यांना घर राहायला नको होतं, हंडे आणि समया ठेवायला हवं होतं. आणि ‘सगळ्यांनी’ म्हणजे आत्या सोडून सगळ्यांनी, हे आम्हांला मागाहून कळलं. दोन खोल्यांत चौथं माणूस कुठे मावणार? आत्यांची सोय तिरुप्पनंदाळला सेतूकडे करायची ठरली. हा सेतू लांबचा पुतण्या. त्याने कळवलं, मागच्या ओसरीवर जागा आहे, फक्त पावसात झड येते.

आत्यांना कुणी विचारलं नाही. जेवताना मामंजी हे मला सांगत होते आणि आत्या ताक वाढत होत्या, तेव्हा त्यांनी ते ऐकलं. ताक सांडलं नाही, काही नाही. त्या आत गेल्या, एवढंच.

माझा मात्र जीव तडफडला. मी तिरुविडैमरुदूरची. आमच्या घरी बायका हळू बोलत नाहीत. मी मामंजींना सरळ विचारलं, “मामंजी, नवा कायदा आला आहे म्हणतात. मुलींना बापाच्या घरांत वाटा. मग आत्यांना?”

मामंजींनी हातातला घास खाली ठेवला. अशा प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना फार आवडे. “कायदा गेल्या वर्षीं जाला. अण्णा वारले त्याला किती काळ लोटला. कायदा मागें पाहत नाहीं, पंकजा. अक्काला कांहीं मिळत नाहीं. मला वाईट वाटतें, पण कायद्यानें कांहीं नाहीं.”

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माझा खरा राग त्याचाच. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तर असं सगळं ठरलं होतं आणि आडी महिन्याचा, म्हणजे तमिळ आषाढाचा, अठरावा दिवस आला. आमच्या गावात त्या दिवशी कावेरीला नवं पाणी येतं. बायका नटूनथटून घाटावर जातात, तिची गर्भारणीसारखी ओटी भरतात, चित्रान्नाचे डबे काठावर बसून खातात, एकमेकींच्या गळ्यात पिवळे दोरे बांधतात. सवाष्णींचा सण. आत्या परत आल्या त्या पहिल्या वर्षी लहानच होत्या, इतर मुलींबरोबर घाटाकडे निघाल्या, आणि कुणीतरी त्यांना दारातून मागे ओढलं. त्या दिवसभर रडल्या. त्यांच्या वडिलांना ते बघवलं नाही. त्यांनी पाथरवट बोलावला आणि पुढच्या उंबऱ्यापासून माजघरातून, चौकातून, थेट परसापर्यंत वीतभर रुंदीची दगडी पन्हळ खोदून घेतली. मग गड्यांकडून कावेरीच्या घागरी आणवल्या, पुढल्या दारात ओतल्या आणि लेकीला म्हणाले, “गोदे, तूं नको जाऊं. तीच आली पाहा.”

तेव्हापासून दर आडी अठराला आमच्या घरातून कावेरी जाते. आमच्या गल्लीतल्या घरांची रचनाच तशी आहे. रुंदीला चिंचोळी, लांबीला संपत नाहीत. पुढल्या दारात उभं राहिलं की मागच्या परसातला नारळ दिसतो. पाणी पुढून शिरतं, आत्या त्यात हळदकुंकू सोडतात, फूल सोडतात आणि फुलाबरोबर चालत मागच्या दारापर्यंत जातात. वर्षातून तेवढाच एक दिवस त्या पुढल्या दारातून मागल्या दारापर्यंत घराच्या बरोबर मधून चालत. एरवी भिंतीच्या कडेने.

त्या वर्षीची त्यांची ती शेवटची कावेरी. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मी जास्तीच्या घागरी आणवल्या. पाणी असं खळाळून निघालं की बघत राहावं. आणि नेमका त्याच वेळी दारात सर्वेयर जानकीराम उभा राहिला.

ह्या माणसाचा कालवा हरवला होता. जुन्या नकाशात कावेरीपासून साक्कोट्टैच्या शेतांपर्यंत एक कालवा काढलेला होता आणि जमिनीवर तो नव्हता. नकाशा काढणाऱ्या कुणा साहेबाने तो वाटेतल्या अरसलार नदीच्या डोक्यावरून पलीकडे नेला होता, पण कालवा नदी कशी ओलांडतो हे शोधणं जानकीरामच्या कामात बसत नव्हतं. त्याने फक्त कालवा शोधायचा होता. तो न सापडल्यास का सापडला नाही ह्याचा जबाब द्यायचा होता. बिचारा आडी महिना लागल्यापासून गावातल्या गटारांत मोजणीची साखळी टाकत फिरत होता. आमच्या दारासमोर आला, आत पाहिलं, तर वाहतं पाणी, दगडी पात्र, दोन्ही बाजूंना काठ आणि पाण्याची पूजा करणारी बाई.

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने वहाणा काढल्या आणि तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, हे काय आहे?”

घरात आमची जुनी मराठी, बाहेरच्यांशी आम्ही तमिळच बोलतो. आत्यांनीही तमिळमध्ये सांगितलं, आणि किती अभिमानाने सांगितलं! “ही कावेरी. दरवर्षी आमच्या घरातून जाते.”

“मागच्या बाजूला कुठे जाते?”

“साक्कोट्टैकडे तोंड करून जाते,” आत्या म्हणाल्या. तेही खरंच होतं. परसाचं तोंड दक्षिणेला आहे आणि साक्कोट्टैही दक्षिणेलाच.

दुसरं कुठलंही घर असतं तर लोकांनी हात झटकले असते, म्हणाले असते, फरशी धुतो आहोत, या नंतर. पण आमच्या घरात कावेरीला फरशीचं पाणी कोण म्हणणार? मामंजींनी स्वतः साखळीचं टोक धरलं. सरकारी माणसाला मदत करायची त्यांना सवय. जानकीरामने लिहून घेतलं: पात्र दगडी, वाहतं, लोक पूजा करताना आढळले. डावा काठ: स्वयंपाकघर, देवघर. उजवा काठ: झोपायच्या खोल्या, धान्याची कोठी. दोन्ही काठांवर आक्रमण. मग त्याने चित्रान्न खाल्लं, दोनदा मागून घेतलं, आणि आत्यांच्या पाया पडून गेला.

पंधरवड्यात तो कागद आला. पाणी वाहण्याच्या जागा सरकारच्या. तेथे बांधलेलं घर हे आक्रमण. चौकशी होऊन निकाल लागेपर्यंत कालव्याच्या प्रवाहाला कुठेही अडथळा होता कामा नये.

मामंजींनी दोन्ही दारं सताड उघडली. दार हा अडथळा. मग पन्हळीवर ठेवलेला पाटा उचलला, झोपाळा काढला, आपली आरामखुर्ची उचलली. माजघरातून स्वयंपाकघरात जायचं तर पन्हळ ओलांडावी लागे. ती वीतभर तर होती, पण कालवा ओलांडायला पूल लागतो आणि पुलाला परवानगी लागते. मामंजींनी अर्ज केला: ‘अर्जदारास जेवणासाठी रोज उजव्या काठावरून डाव्या काठावर जावे लागते.’ उत्तर यायला वेळ लागला. तोवर मामंजी उजव्या काठावर बसत आणि मी डाव्या काठावरून हात लांब करून वाढीत असे. शेवटी मंजुरी आली. एक फळी टाकावी, मात्र तिच्यावरून बैलगाडी नेऊ नये. मामंजींनी बैलगाडीची अट मला आणि आत्यांना वाचून दाखवली आणि विचारलं, “समजलें ना?”

कृष्णमूर्ती आले, पुढच्या दारात उभे राहिले, आत डोकावून बराच वेळ बघत राहिले. “घर म्हणून दाखवलंत,” ते म्हणाले. “कालव्यात मी हंडे कसे ठेवू?” आणि निघून गेले. तरी जाताना म्हणाले, पुन्हा घर झालं तर कळवा.

माझ्या नवऱ्याने मद्रासहून एवढंच विचारलं की अप्पांना ऊन लागलं आहे का.

मग माणसं यायला लागली. उघड्या दाराच्या कालव्यात कोणीही येऊ शकतं आणि गावाला ते फार लवकर कळतं. आधी एक म्हैस आली. ती मागून शिरली, चौकात थांबली, पाणी नाही म्हणून नाराज झाली आणि पुढून निघून गेली. मग साक्कोट्टैचे शेतकरी आले. त्यांचा पुढारी मारिमुत्तु. आडदांड, गोड आवाजाचा माणूस. ओट्यावर सगळे रांगेने बसले. तो म्हणाला, “अय्या, आमच्या आजोबांपासून कालव्याच्या शेपटाला पाणी नाही. आम्हांला कालवाच सापडत नव्हता. आता सापडला. आमची पाळी कधी?”

“पाणी आडी अठराला येतं,” मामंजी म्हणाले.

“एकच दिवस?”

“एकच दिवस. त्यातही दुपारपर्यंत.”

मारिमुत्तुने बाकीच्यांकडे पाहिलं. ते आपसांत बोलले. “काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एक माणूस पाटकरी म्हणून आमच्या चौकात बसू लागला. वरच्या अंगाला कोणी पाणी चोरू नये म्हणून. वरच्या अंगाला आमचं देवघर होतं. मामंजी पूजा करताना ताम्हनात पाणी सोडत, तेव्हा पाटकरी खाकरत असे. त्याला कॉफी लागे, दोन वेळा.

बदकांचं मात्र मला आजही हसू येतं. भाताची कापणी झालेल्या शेतांत बदकं चारणारे लोक आमच्याकडे फिरत असतात. अशा एकाने ऐकलं की गावातून एक सरकारी कालवा मोकळा झाला आहे. एका सकाळी त्याने आपला सगळा थवा आमच्या पुढल्या दारातून आत सोडला. बदकं पन्हळीच्या कडेने, एकामागे एक, नीट ओळीने माजघरातून गेली. फळीखालून मावेनात म्हणून फळीवरून गेली. मी केरसुणी घेऊन धावले, तर मामंजी म्हणाले, “थांब. जनावरांना कालव्याच्या वाटेनें जायचा हक्क असतो.” एका बदकाने उजव्या काठावर, आमच्या खोलीच्या दारात, अंडं घातलं. ते कोणाचं ह्यावर मामंजी आणि बदकवाला दुपारपर्यंत बोलत बसले.

ह्या सगळ्यात आत्या काय करत होत्या? काही नाही. कामं करत होत्या. पण एक गोष्ट मी पाहिली. तिरुप्पनंदाळचं नाव घरात निघेनासं झालं. जोवर घर कालवा होतं, तोवर ते विकत नव्हतं, आणि जोवर विकत नव्हतं, तोवर आत्या इथे होत्या. पण हे टिकणारं नव्हतं. निकाल लागायचा होता. घर ठरलं तर हंडे आत येणार आणि आत्या सेतूच्या ओसरीवर जाणार. कालवा ठरला तर भिंती पाडणार आणि आम्ही सगळे रस्त्यावर. फरक एवढाच की आम्ही रस्त्यावरून मद्रासला जाऊ शकत होतो.

चौकशीचा दिवस ठरला. तहसीलदार स्वतः जागेवर येऊन सुनावणी घेणार होते. आदल्या दिवशी मामंजी फळीवरून डाव्या काठावर आले आणि आत्यांसमोर उभे राहिले.

“अक्का, उद्यां तुला विचारतील. एवढेंच सांग, कीं फरशी धुतली. पाणी विहिरीचें होतें.”

आत्यांनी तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. “कावेरी होती ती, व्यंकू.”

“मला ठाऊक आहे. पण फरशी म्हण. घर वाचेल.”

“कोणाचें?”

मामंजी परत फळीवरून गेले. आत्या मला म्हणाल्या, “पंकजा, मी दोहींकडून बाहेरच पडतें. मग खोटें काय म्हणून बोलूं? अण्णांनीं आणलेल्या कावेरीला मी मोरीचें पाणी म्हणणार नाहीं.” मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले. घामाघूम, हातात कायद्याचं जाड पुस्तक, बरोबर शिपाई. चौकात टेबल मांडलं. टेबलाचे दोन पाय डाव्या काठावर आणि दोन उजव्या काठावर. मामंजींनी लगेच हरकत घेतली की टेबल प्रवाहात अडथळा आणत आहे. तहसीलदारांनी ती मान्य केली आणि टेबल सरकवलं. त्या दोघांचं एकमेकांबद्दल तिथेच चांगलं मत झालं.

आधी जानकीराम बोलला. त्याने कालवा डोळ्यांनी पाहिला होता, हात लावला होता, पाणी डोक्यावर शिंपडून घेतलं होतं. मग मारिमुत्तु बोलला. मग बदकवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी तो उठून म्हणाला की माणूस चुकेल, बदक चुकत नाही, वाहत्या पाण्याची वाट असल्याशिवाय ते ओळीत चालत नाही. तहसीलदारांनी हे लिहून घेतलं. मग मामंजी उभे राहिले आणि फार सुंदर बोलले. हे घर आहे, इथे माझा जन्म झाला, वर्षातून एकदा फरशी धुतल्याने घराचा कालवा होत नाही. बोलताना आत्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

शेवटी आत्यांना पुढे बोलावलं. त्या पदर सावरून भिंतीच्या कडेने आल्या.

“आडी अठराला इथून पाणी जातं?”

“जातं.”

“विहिरीचं?”

“कावेरीचं.”

मामंजींनी डोळे मिटले.

“कधीपासून?”

“व्यंकोबा जन्मायच्या आधीपासून. मी परत आले त्या वर्षापासून.”

“मध्ये कधी खंड?”

आत्यांनी आठवून पाहिलं. “नाही. व्यंकोबा झाला तेव्हा आई बाळंतीण होती, तरी आणलं. वडील गेले त्या वर्षी सुतक होतं, मी शेजाऱ्यांकडून ओतवून घेतलं. चोवीस साली महापूर आला, त्या वर्षी तेवढं आणावं लागलं नाही. ती आपण होऊन आली.”

“कुणी अडवलं?”

“मला?” आत्यांना प्रश्नच समजला नाही. “मला घाटावर अडवलं होतं. इथे कुणी अडवलं नाही.”

“कुणाच्या हक्काने हे करता?”

“वडिलांनी दिली.”

“काय दिलं?”

“कावेरी,” आत्या म्हणाल्या.

मी पदराने डोळे टिपले. पाटकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तहसीलदार पुस्तक चाळायला लागले. पुढे गेले, मागे आले, बोट ठेवून वाचलं, मामंजींना जवळ बोलावून तो परिच्छेद दाखवला. मामंजींनी चष्मा लावला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग, शिरस्तेदाराचा स्वभाव जातो कुठे, त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे,” ते तमिळमध्ये म्हणाले. “असाच अर्थ होतो.”

निकाल असा झाला. वाहत्या पाण्याची जागा सरकारची, म्हणून घर सरकारचं. व्यंकोबांचा त्यावर काही हक्क नाही, ते विकू शकत नाहीत. पण कायद्यात एक अपवाद आहे. जुनी, अखंड चालत आलेली वहिवाट सरकारलाही मोडता येत नाही, आणि साठ वर्षांच्या वर चालत आलेली वहिवाट इथे एकाच व्यक्तीची आहे. श्रीमती गोदाबाई. दर आडी अठराला पुढल्या उंबऱ्यापासून मागल्या दारापर्यंत कावेरी नेण्याचा हक्क त्यांचा. तो हक्क चालावा म्हणून उंबरा, पन्हळ आणि उतार आहे तसा राहिला पाहिजे. भिंती राहिल्या पाहिजेत, नाहीतर पाणी शेजारी जाईल.

“आणि छप्पर?” जानकीरामने विचारलं.

तहसीलदारांनी विचार केला. “छप्पर काढलं तर पावसाचं पाणी मिसळेल. बाईंचा हक्क कावेरीच्या पाण्यावर आहे. छप्पर राहील.”

साक्कोट्टैकरांना मागच्या दारातून जे पाणी उरेल ते मंजूर झालं. त्यांच्या आणि त्या पाण्याच्या मध्ये अरसलार नदी होती, पण मारिमुत्तु खूश होता. आजोबांपासूनचा दावा जिंकला होता. जानकीरामने खडीसाखर वाटली. वर्षातला तो एक दिवस सोडून कालवा कोरडा, म्हणून दारं लावायची मुभा मिळाली.

“राहता राहिला प्रश्न व्यंकोबांचा,” तहसीलदार म्हणाले. “त्यांचा आणि त्यांच्या कुटुंबाचा इथे राहण्याचा हक्क नाही. मात्र हक्कदार बाईंची हरकत नसेल तर सरकारचीही नाही. काय व्यंकोबा, विचारून घ्या, मी शेवटची ओळ लिहून टाकतो.”

मामंजी बहिणीकडे वळले. ती त्यांच्यापेक्षा पुष्कळ बुटकी. ते हात जोडावेत की नाही ह्या विचारात मध्येच थांबल्यासारखे दिसले. लोक पाहत होते.

“अक्का,” ते म्हणाले, “मी येथें राहूं काय?”

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या लगेच हो म्हणतील. सगळ्यांनाच वाटलं. तहसीलदारांनी टाक शाईत बुडवून धरला होता.

“विचार करून सांगतें,” आत्या म्हणाल्या, आणि आत जाऊन चूल पेटवायला लागल्या.

उत्तर किती दिवसांत द्यावं ह्याबद्दल कायद्यात काही नव्हतं. तहसीलदारांनी जागा कोरी सोडली आणि पुस्तक मिटलं.

दिवाळी झाली, थंडीचा मार्गळी महिना उजाडला. आत्यांचा विचार चालूच होता. त्या मामंजींशी वाईट वागल्या नाहीत. दोन वेळा गरम वाढत, पाठीला तेल चोळून देत, पडसं झालं की काढा करीत. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर देत नसत. आणि मामंजी माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेले. आपलं अंथरूण आपण गुंडाळू लागले. विहिरीचं पाणी काढू लागले. दुसऱ्यांदा भात मागेनासे झाले. घरात येताना आधी खाकरत. भिंतीच्या कडेने चालत. मला त्यांची दया येई, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटे.

मद्रासहून माझं बोलावणं आलं होतं. निघायच्या सकाळी मी स्वयंपाकघरात आत्यांजवळ बसले होते. मामंजी दाराशी येऊन उभे राहिले. बस म्हटल्याशिवाय ते आता बसत नसत. आत्यांनी बस म्हटलं. ते खाली, जमिनीवर बसले.

“अक्का,” ते म्हणाले, “सकाळीं डोळा उघडला कीं छातींत धस्स होतें. आज कोणी जा म्हणेल कीं काय ऐसें वाटतें. सगळें आहे, कोणी कांहीं बोलत नाहीं, तरी वाटतें.”

“हो,” आत्या म्हणाल्या. “पहिलीं कांहीं वर्षें वाटतें.”

“आणि मग?”

आत्यांनी आमटीचं झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा ठेवलं.

“मग माणूस स्वयंपाक चांगला करायला शिकतें.”

मामंजींनी परातीतलं एक वांगं उचललं आणि ते कसं चिरायचं, असं हळूच मला विचारलं.